क्रिस्टियाने कूल यांचे स्तनाच्या एमआरआयवरील शोधनिबंध कसे वाचावेत

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. आखेन विद्यापीठ रुग्णालयातील रेडिओलॉजिस्ट डॉ. क्रिस्टियाने कूल यांचे स्तनाच्या एमआरआयवरील शोधनिबंध प्रबंधासाठी कोणत्या क्रमाने वाचावेत, हा पहिला. त्यांनी मांडलेल्या ‘संक्षिप्त एमआरआय’मुळे, म्हणजे थोड्याच प्रतिमा घेणाऱ्या झटपट एमआरआयमुळे, तपासणी मॅमोग्राफी (लक्षणे नसलेल्या स्त्रियांच्या स्तनांचे क्ष-किरण चित्र) आता कालबाह्य झाली असे प्रस्तावनेत लिहिता येईल का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते ‘नाही’ असे आहे. मात्र ते का, हे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातूनच नीट उलगडते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. हे निबंध साधारणपणे प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावेत असा माझा आग्रह आहे. बहुतेक विद्यार्थी २०१४ चा निबंध आधी उघडतात आणि त्यातील आकडे उचलतात, पण त्या आकड्यांचा अर्थ १९९९ आणि २००७ च्या निबंधांशिवाय लागत नाही.

मॅमोग्राफीत आपल्याला क्ष-किरणांचे शोषण दिसते. दुग्धग्रंथींची ऊती आणि कर्करोगाची गाठ क्ष-किरण जवळजवळ सारखेच शोषतात, त्यामुळे चरबी भरपूर असलेल्या स्तनात गाठ उठून दिसते आणि ग्रंथी दाट असलेल्या स्तनात ती झाकली जाते. एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध दिल्यानंतर जे उजळते, ते मुख्यतः रक्तपुरवठ्याचे आणि रक्तवाहिन्यांच्या पाझरण्याचे चित्र असते. वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते, त्या वाहिन्यांच्या भिंती कच्च्या असतात, आणि म्हणून औषध तेथे लवकर शिरते व अनेकदा लवकर बाहेरही पडते. म्युनिकमध्ये सिल्विया हेवांग यांनी १९८६ मध्ये या औषधाचा स्तनासाठी उपयोग दाखवला, तेव्हा जे उजळते तो कर्करोग आणि जे उजळत नाही ते निर्धोक, अशी आशा काही काळ बाळगली गेली. ती टिकली नाही. फायब्रोॲडिनोमा, म्हणजे स्तनातील निर्धोक गाठी, उजळतात, निरोगी ग्रंथीही उजळतात. उजळण्याचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न उरला, आणि कूल यांचे सुरुवातीचे, बॉन विद्यापीठातील काम या प्रश्नावर उभे आहे.

१९९९ मध्ये ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात आलेला त्यांचा निबंध प्रथम वाचा. त्यात २६६ गाठींचा अभ्यास आहे, त्यांपैकी १०१ कर्करोगाच्या आणि १६५ निर्धोक. औषध दिल्यानंतर ठरावीक अंतराने प्रतिमा घेऊन प्रत्येक गाठीचा तेजस्वितेचा आलेख काढला आणि सुरुवातीच्या वाढीनंतर तो आलेख कोणत्या दिशेने जातो यावरून तीन प्रकार केले. तेजस्विता शेवटपर्यंत चढत राहिली तर पहिला प्रकार, वर जाऊन सपाट झाली तर दुसरा, आणि वर जाऊन उतरू लागली, म्हणजे ज्याला आपण वॉशआउट म्हणतो, तर तिसरा. कर्करोगांपैकी ५७.४ टक्के तिसऱ्या प्रकारात, ३३.६ टक्के दुसऱ्यात आणि ८.९ टक्के पहिल्यात होते. निर्धोक गाठींमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ५.५, ११.५ आणि ८३ टक्के होते. आज बाय-रॅड्सच्या, म्हणजे स्तन-प्रतिमांच्या अहवालासाठीच्या प्रमाणित पद्धतीच्या, शब्दावलीत हे तिन्ही प्रकार रूढ झाले आहेत, आणि रोजच्या अहवालात आपण ते लिहितो तेव्हा त्यांचे मूळ बव्हंशी याच कामात आहे.

हा निबंध वाचताना एक आकडेमोड स्वतः कागदावर करून पाहा. तिसऱ्या प्रकारचे आलेख एकूण ६७ निघतात, त्यांपैकी ५८ कर्करोगाचे, म्हणजे सुमारे ८७ टक्के. हा आकडा मोहात पाडणारा आहे. पण या मालिकेत कर्करोगाचे मूळ प्रमाणच ३८ टक्के होते, कारण येथे संशय असलेल्या गाठीच पाहिल्या जात होत्या. लक्षणे नसलेल्या स्त्रियांच्या तपासणीत तुमच्यासमोर येणाऱ्या उजळलेल्या ठिपक्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण यापेक्षा बरेच कमी असेल, आणि तेथे वॉशआउट दिसला म्हणून ८७ टक्के शक्यता सांगणे चुकीचे ठरेल. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १०१ पैकी ९ कर्करोगांचा आलेख शांतपणे चढत राहणारा होता. कडा काटेरी असलेल्या गाठीचा आलेख पहिल्या प्रकारचा आला म्हणून बायोप्सी टाळू नये, हा नियम या नऊ गाठींनीच घालून दिला आहे.

आलेख काढण्याची कृतीही बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण प्रबंधांमध्ये ती बहुधा एका ओळीत उरकली जाते. मोजणीचे वर्तुळ गाठीच्या सर्वांत वेगाने उजळणाऱ्या भागावर, तेही लहान आकाराचे, ठेवावे लागते. संपूर्ण गाठीची सरासरी घेतली तर मध्यभागातील मृत किंवा तंतुमय ऊती आलेखाला सपाट करून टाकते आणि तिसरा प्रकार दुसऱ्यासारखा दिसू लागतो. रुग्ण दोन प्रतिमांच्या दरम्यान किंचित हलली असेल तर वर्तुळ एका प्रतिमेत गाठीवर आणि दुसऱ्या प्रतिमेत शेजारच्या चरबीवर बसते. अशा आलेखात खोटा उतार दिसतो. म्हणून आलेखावर विश्वास ठेवण्यापूर्वी वजाबाकी केलेल्या (औषधानंतरच्या प्रतिमेतून आधीची वजा केलेल्या) प्रतिमेत चरबी आणि ग्रंथी यांच्या सीमेवर पांढरी किनार उमटली आहे का, हे पाहावे. किनार असेल तर हालचाल झाली आहे.

याच्या आधीचा, १९९७ चा त्यांचा निबंध लहान पण उपयोगी आहे, तो येथे जोडून वाचा. पाळी सुरू असलेल्या निरोगी स्त्रियांच्या स्तनातील ग्रंथी मासिक चक्रानुसार कमी-अधिक उजळतात आणि दुसऱ्या आठवड्यात सर्वांत कमी उजळतात, हे त्यात दाखवले आहे. तातडी नसलेला एमआरआय चक्राच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवावा, ही आजची पद्धत तेथून येते.

यानंतर २००५ चा, ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’तील निबंध घ्या. कुटुंबातील इतिहासामुळे किंवा बीआरसीए या स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुकातील बदलामुळे जोखीम जास्त असलेल्या, पण लक्षणे नसलेल्या ५२९ स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा त्यात आहे. एकूण ४३ कर्करोग सापडले. मॅमोग्राफीची संवेदनक्षमता, म्हणजे असलेल्या कर्करोगांपैकी ओळखल्या गेलेल्यांचे प्रमाण, ३३ टक्के, सोनोग्राफीची ४० टक्के, दोन्ही मिळून ४९ टक्के आणि एमआरआयची ९१ टक्के होती. याच सुमारास नेदरलँड्स, कॅनडा आणि ब्रिटनमधूनही याच दिशेचे निष्कर्ष आले होते, म्हणूनच २००७ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आयुष्यभराची जोखीम २० ते २५ टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या स्त्रियांसाठी वार्षिक एमआरआयची शिफारस केली. वेगवेगळ्या देशांतील, वेगवेगळी यंत्रे वापरणाऱ्या गटांचे निष्कर्ष जुळले, हे येथे निर्णायक होते. एकट्या बॉनच्या मालिकेवर एवढा मोठा बदल झाला नसता, आणि होऊही नये.

२००७ च्या ‘लॅन्सेट’मधील निबंधावर मात्र थांबून विचार करा, कारण माझ्या दृष्टीने हा त्यांच्या सर्व कामातील सर्वांत धाडसी निबंध आहे. दुग्धनलिकेच्या आतच मर्यादित असलेला कर्करोग, म्हणजे डीसीआयएस, ओळखण्यात एमआरआय कमी पडतो असे तोपर्यंत सर्वत्र मानले जात होते. या समजामागे दोन कारणे होती. पहिले म्हणजे, पूर्वीच्या अभ्यासांत बहुधा मॅमोग्राफीत कॅल्सिफिकेशनमुळे (कॅल्शियमच्या बारीक कणांमुळे) आधीच सापडलेले रुग्णच एमआरआयसाठी येत होते, त्यामुळे मॅमोग्राफीत न दिसणारा डीसीआयएस मोजणीतच येत नव्हता. दुसरे म्हणजे, गाठीसाठी तयार झालेले निकष, विशेषतः वॉशआउट, नलिकेतील आजाराला लावले जात होते. नलिकेतील आजार गाठीसारखा दिसतच नाही, तो नलिकेच्या मार्गाने रेषेत किंवा पाचरीसारख्या भागात, तुटक दाण्यांच्या स्वरूपात उजळतो, आणि त्याचा आलेख कितीतरी वेळा निर्धोक वाटतो.

कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षांत आलेल्या ७,३१९ स्त्रियांमध्ये मॅमोग्राफी आणि एमआरआय यांचे वाचन एकमेकांपासून स्वतंत्र ठेवले. शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही तपासण्या झालेल्या १६७ शुद्ध डीसीआयएस रुग्णांपैकी मॅमोग्राफीत ९३, म्हणजे ५६ टक्के ओळखले गेले, तर एमआरआयमध्ये १५३, म्हणजे ९२ टक्के. आजाराची प्रत पाहिली की हा फरक आणखी बोलका होतो. उच्च श्रेणीच्या ८९ रुग्णांपैकी ४३ मॅमोग्राफीत सुटले आणि केवळ एमआरआयमुळे सापडले. उच्च श्रेणीतील आजारच पुढे आक्रमक, म्हणजे नलिकेबाहेर पसरणाऱ्या, कर्करोगात बदलण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे एमआरआय ‘जास्त’ शोधतो एवढेच नव्हे, तर जैविकदृष्ट्या महत्त्वाचा आजार अधिक शोधतो, असा कूल यांचा युक्तिवाद येथून पुढे सातत्याने येतो. दोन वर्षांनी शिकागोतील संशोधकांनी उंदरांच्या नलिकांमध्ये गॅडोलिनियम प्रत्यक्ष शिरलेले दाखवले, त्यामुळे नलिकेच्या आतील आजार उजळतो कसा, या कोड्यालाही भौतिक आधार मिळाला.

मर्यादाही सांगितली पाहिजे. ही एका विशेषज्ञ केंद्रातील मालिका आहे. तेथे येणाऱ्या स्त्रिया सर्वसामान्य लोकसंख्येतून निवडलेल्या नव्हत्या आणि वाचणारे डोळे अत्यंत सरावलेले होते. सरसकट कोणत्याही केंद्रात ९२ टक्के मिळतील असे या निबंधावरून म्हणता येत नाही. पण डीसीआयएस एमआरआयमध्ये दिसतच नाही, ही जुनी समजूत खोडून काढायला ही मालिका पुरेशी होती, आणि ते काम तिने पूर्ण केले.

२०१० चा ‘ईव्हीए’ अभ्यास जर्मनीतील चार केंद्रांत झाला. ६८७ स्त्रियांमध्ये २७ कर्करोग सापडले. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी मिळून दर हजारी ७.७ कर्करोग हाती लागले, एकट्या एमआरआयने १४.९. दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफीने त्यात भर पडली नाही.

आता २०१४ च्या निबंधाकडे वळता येईल. समस्या व्यावहारिक होती. पूर्ण एमआरआयला वेळ लागतो, तो महाग पडतो, आणि म्हणून केवळ उच्च जोखमीच्या थोड्या स्त्रियांनाच मिळतो. कूल यांनी विचारलेला प्रश्न असा होता की, निदानासाठी लागणारी सर्व माहिती तपासणीसाठीही लागते का? तपासणीत केवळ ‘काही आहे की नाही’ एवढेच ठरवायचे असते. कर्करोग औषध दिल्यानंतरच्या पहिल्याच प्रतिमेत सर्वांत उठून दिसतो, कारण तेव्हा निरोगी ग्रंथी अजून फारशा उजळलेल्या नसतात. मग औषधापूर्वीची एक आणि नंतरची एक, एवढ्याच प्रतिमा घ्याव्यात, त्यांची वजाबाकी करावी आणि त्यातून संपूर्ण स्तनाचे एकत्रित चित्र तयार करावे. प्रतिमा घेण्याचा वेळ १७ मिनिटांवरून ३ मिनिटांवर आला. एकत्रित चित्र वाचायला सरासरी २.८ सेकंद लागले, संक्षिप्त संच पूर्ण वाचायला २८ सेकंद. आलेखावर नाव कमावलेल्या संशोधकाने आलेखच सोडून देण्याचा प्रस्ताव मांडावा, याचे मला आजही कौतुक वाटते, कारण आपल्याच जुन्या साधनाची गरज कुठे नाही हे ओळखायला शास्त्रीय प्रामाणिकपणा लागतो.

निकाल असे आहेत. सौम्य ते मध्यम जोखमीच्या ४४३ स्त्रिया, ६०६ तपासण्या, मॅमोग्राफी आधीच निर्दोष ठरलेली, आणि तरीही ११ कर्करोग, म्हणजे दर हजारी १८.२. संक्षिप्त संचात ११ पैकी ११ दिसले, केवळ एकत्रित चित्रात १०. विशिष्टता, म्हणजे कर्करोग नसलेल्यांना निर्दोष ठरवण्याचे प्रमाण, संक्षिप्त संचात ९४.३ टक्के आणि पूर्ण संचात ९३.९ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखीच.

येथे थांबून ११ या आकड्याकडे पाहा. ११ पैकी ११ म्हणजे शंभर टक्के असे लिहिणे सोपे आहे, पण एवढ्या लहान संख्येवर ९५ टक्के विश्वास-अंतराळाची (खरा आकडा ज्यात असण्याची शक्यता आहे त्या पट्ट्याची) खालची मर्यादा सुमारे ७२ टक्क्यांपर्यंत येते. हा निबंध संक्षिप्त एमआरआय शक्य आहे हे दाखवतो. तो किती संवेदनक्षम आहे याचे अंतिम मोजमाप त्यात नाही, आणि निबंध तसा दावा करतही नाही. २.८ सेकंद हा आकडाही वारंवार संदर्भाबाहेर उद्धृत होतो. तो अनुभवी वाचकाचा, फक्त एकत्रित चित्र पाहण्याचा वेळ आहे. काही दिसले की मूळ छेद प्रतिमांकडे जावेच लागते.

२०१७ चा निबंध त्याच केंद्राच्या अनुभवाचा विस्तार आहे, पण येथे स्त्रिया सर्वसाधारण जोखमीच्या होत्या, वय ४० ते ७० आणि नेहमीच्या तपासण्या निर्दोष. २,१२० स्त्रियांच्या ३,८६१ एमआरआय तपासण्यांमध्ये दर हजारी १५.५ अतिरिक्त कर्करोग सापडले. पहिल्या फेरीत २२.६ आणि पुढच्या फेऱ्यांत ६.९ हा फरक लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत आधीच साठून राहिलेला आजार सापडतो, नंतरच्या फेऱ्यांत मधल्या काळात नव्याने झालेला. दरवर्षी सापडणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण म्हणून पहिल्या फेरीचा आकडा देणे ही प्रबंधांतील नेहमीची चूक आहे. गाठींचा मध्यक आकार ८ मिलिमीटर होता, आणि दोन फेऱ्यांच्या दरम्यान लक्षणांनी उघडकीस आलेला एकही कर्करोग नव्हता. हे शेवटचे निरीक्षण मला सर्वांत वजनदार वाटते. मधल्या काळात उघडकीस येणारे कर्करोग बहुधा वेगाने वाढणारे असतात, आणि तपासणी त्यांनाच गाठू शकली नाही तर बाकीच्यांची संख्या वाढवून फारसे साधत नाही.

संक्षिप्त एमआरआयबाबत एका केंद्रापलीकडचा पुरावा २०२० मध्ये आला. क्रिस्टोफर कॉमस्टॉक पहिले लेखक आणि कूल शेवटच्या, असा हा ‘जामा’मधील निबंध अमेरिका आणि जर्मनीतील अनेक केंद्रांतून, दाट स्तन असलेल्या १,४४४ स्त्रियांवर आहे. प्रत्येक स्त्रीची संक्षिप्त एमआरआय आणि टोमोसिंथेसिस (अनेक कोनांतून घेतलेली त्रिमितीय मॅमोग्राफी) अशा दोन्ही तपासण्या झाल्या, क्रम तेवढा चिठ्ठीने ठरला. आक्रमक कर्करोग १७ होते. संक्षिप्त एमआरआयने सर्व १७ ओळखले, टोमोसिंथेसिसने ७. मात्र विशिष्टता एमआरआयची ८६.७ टक्के आणि टोमोसिंथेसिसची ९७.४ टक्के होती. हा उतार लपवू नका. कूल यांच्या स्वतःच्या केंद्रात विशिष्टता टिकली आणि अनेक केंद्रांत ती घसरली, याचा अर्थ वाचनाचे प्रशिक्षण हा या तपासणीचाच एक भाग आहे.

याच्या जोडीला कूल यांचा नसलेला एक निबंध वाचलाच पाहिजे. नेदरलँड्समधील ‘डेन्स’ चाचणी २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. अत्यंत दाट स्तन आणि निर्दोष मॅमोग्राफी असलेल्या ४०,३७३ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले, एका गटाला पूरक एमआरआयचे निमंत्रण दिले, आणि मोजले ते मधल्या काळातील कर्करोग. निमंत्रित गटात ते दर हजारी २.५ होते, दुसऱ्या गटात ५. निमंत्रितांपैकी ५९ टक्के स्त्रियाच एमआरआयला आल्या, आणि प्रत्यक्ष एमआरआय झालेल्यांमध्ये हा दर ०.८ होता. कूल यांच्या मालिकांना तुलनेचा गट नव्हता, ती उणीव या चाचणीने भरून काढली. युरोपीय स्तन-प्रतिमा संघटनेने २०२२ मध्ये अत्यंत दाट स्तन असलेल्या ५० ते ७० वयाच्या स्त्रियांसाठी किमान दर चार वर्षांनी, शक्यतो दोन ते तीन वर्षांनी एमआरआय सुचवला, तो मुख्यतः या ‘डेन्स’ चाचणीच्याच आधारावर.

आता आपला दुसरा प्रश्न. मॅमोग्राफीने मृत्यू कमी होतात हे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या, चाचण्यांतून दाखवले गेले आहे. स्वीडनमधील दोन परगण्यांच्या चाचणीचा १९८५ चा अहवाल स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट दाखवतो. सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांमध्ये एमआरआयबाबत अशी चाचणी झालेली नाही. अधिक कर्करोग सापडणे, ते लहान असणे आणि मधल्या काळातील कर्करोग निम्म्यावर येणे ही मृत्यू घटण्याच्या दिशेची पावले आहेत, आणि त्यातले तिसरे मला खरोखर आश्वासक वाटते, पण ती मृत्यूची मोजणी नव्हे. शिवाय शिरेतून औषध द्यावे लागते. काही रेषीय प्रकारच्या गॅडोलिनियम औषधांचा वापर मेंदूतील साठ्याच्या प्रश्नामुळे युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये थांबवला, आणि निरोगी स्त्रीला वारंवार औषध देताना हा मुद्दा रुग्णाच्या बाबतीत असतो त्यापेक्षा जड होतो. एमआरआयमध्ये दिसलेल्या, पण पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत न सापडणाऱ्या ठिपक्याची बायोप्सी एमआरआयच्या मार्गदर्शनानेच करावी लागते. ती सोय नसलेल्या केंद्राने तपासणीसाठी एमआरआय सुरू करणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

म्हणून प्रस्तावनेत असे लिहावे की, दाट स्तन किंवा वाढीव जोखीम असलेल्या स्त्रियांमध्ये मॅमोग्राफी पुरेशी नाही हे या कामाने ठामपणे दाखवले आहे, आणि संक्षिप्त एमआरआय ही उणीव भरून काढण्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत सबळ मार्ग आहे. ‘कालबाह्य’ हा शब्द काढून टाका.

आपल्या स्वतःच्या नोंदपत्रकात काही रकाने आताच वाढवून घ्या, नंतर ते भरता येत नाहीत. तपासणीच्या दिवशी मासिक चक्राचा कितवा दिवस होता, इंजेक्शन दिल्यापासून पहिल्या प्रतिमेच्या मध्यापर्यंत किती सेकंद गेले, तपासणी पहिल्या फेरीची की पुढच्या, आणि कर्करोग निघाल्यास त्याची श्रेणी व आक्रमक की नलिकेतला. पहिली प्रतिमा औषधानंतर नेमकी केव्हा घेतली हे नोंदलेले नसेल, तर आपले निष्कर्ष कूल यांच्या निष्कर्षांशी ताडून पाहता येणार नाहीत, कारण त्यांची सगळी संक्षिप्त पद्धत त्या एका क्षणावर अवलंबून आहे. वाचन दोन स्वतंत्र वाचकांकडून करून घ्या, आणि त्यातला एक अनुभवी नसलेला असू द्या. संक्षिप्त एमआरआयवर त्या वाचकाची विशिष्टता किती राहते, हा आकडा आपल्या प्रबंधातील सर्वांत उपयोगी आकडा ठरू शकेल.